बायने न दिलेला तांदूळ

दिवाळी झाली की आमच्या पाड्यात दारं बांधायची. कुलूप लावावं असं आत काही नसायचं, म्हणून कुडाचं दार ओढून घ्यायचं, काथ्याने बांधायचं आणि डोक्यावर टोपलं घेऊन अख्ख्या घराने निघायचं. मासवणच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी आमचा जमिनीचा तुकडा. पावसाच्या पाण्यावर एकच पीक, आणि ते पीक पुढच्या पावसापर्यंत कधी पुरलं नाही. आधी एडवणला नारळी-केळीच्या वाड्यांवर मजुरी, तिथलं काम संपलं की पालघर सोडून लांब खाडीच्या कडेला वीटभट्टी. आई-आबा चिखल तुडवायचे, माझी थोरली बहीण सुकत घातलेल्या विटा पलटायची आणि मी पेंढ्याच्या खोपीत बसून माती खायचो. तिची शाळा दिवाळीला सुटायची ती थेट पेरणीच्या वेळी लागायची, तोवर सगळं विसरलेलं असायचं. गुरुजी बदलले, शाळेची कौलं बदलली, पण ही पहिलीतच.

एडवणच्या वाडीवर आम्हाला ‘डोंगरातले’ म्हणायचे. भट्टीवर मुकादम ‘ए पालघरवाले’ अशी हाक मारायचा. आणि पावसाच्या तोंडावर पाड्यात परत आलो की जे कुठे गेले नव्हते ते म्हणायचे, ‘आले भट्टीवाले.’ माणसं तीच, बिऱ्हाड तेच, नावं मात्र दर मुक्कामाला निराळी. एकदा भट्टीवर भाकरी खाताना बहिणीने आबांना विचारलं, “आबा, आपण कुठले?” आबा दमलेले होते. म्हणाले, “जिथं भाकर मिलंल तिथले.” कुणाही पोराला हे पुरलं असतं. हिला पुरलं नाही. “तसं नाय. खरं सांगा,” म्हणाली, आणि आबांनी पाठीत एक धपाटा घातला. तोच तिचा पहिला अभ्यास, असं मी म्हणतो. पुढे तिने त्यावर डॉक्टरेट केली, धपाटे मात्र शेवटपर्यंत चुकले नाहीत.

ही माझी बहीण म्हणजे डॉ. मंजुळा. समाजशास्त्राच्या प्राध्यापिका. राष्ट्र, जमात आणि अस्मिता हा त्यांचा विषय. आमच्यात थोरल्या बहिणीला बाय म्हणतात, म्हणून मी इथे बायच म्हणणार. ती गेली त्याला आता काही आठवडे झाले. मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. बी.एस्सी. रसायनशास्त्र. आमच्या घरातला मी दुसरा पदवीधर, पहिली तीच. फोन आला तेव्हा माझ्यासमोर नमुना लावलेला होता. तो पूर्ण केला, आकडा नोंदवला आणि मग निघालो. तिने विचारलंच असतं, काम अर्धं टाकून आलास का म्हणून.

दुसऱ्या दिवशी बोईसरच्या नाक्यावर तिचे दोन फ्लेक्स लागले. एकावर ‘भूमिपुत्रांची वाघीण’, दुसऱ्यावर ‘परप्रांतीय बांधवांची ताई’. फोटो दोन्हींवर एकच, कॉलेजच्या ओळखपत्रावरचा. आणि बातमीत होतं, ‘आदिवासी समाजाची कन्या हरपली’. मला तिन्ही वाचून राग आला. दुःख नंतर आलं, आधी रागच आला... कारण ही तिन्ही नावं तिने जिवंतपणी तोंडावर नाकारली होती. आता ती बोलायला नाही म्हटल्यावर लोकांनी चिकटवून टाकली. म्हणून हे लिहितो आहे. मला सुंदर लिहिता येत नाही, पण खरं लिहिता येतं.

भट्टीवरून तिची सुटका कुणी केली नाही, तिने ती करून घेतली. एका दिवाळीनंतर दार बांधायची वेळ आली आणि ही आत चुलीपाशी बसून राहिली. आईने हाका मारल्या, आबांनी शिव्या दिल्या. ही म्हणाली, “बांदा दार. मी आत र्‍हाते.” आबांनी खरंच काथ्या ओवला, गाठ मारायला घेतली, आणि आतून रडण्याचा आवाज येईना म्हणून त्यांचाच हात थांबला. टोपलं तिथेच ठेवून ते तिला घेऊन आश्रमशाळेत गेले. तिथे राहायची सोय होती, जेवण होतं. परत येताना आबा आईला म्हणाले, “पोरगी नाय ती. दगड हाय.” त्यांच्या आवाजात तक्रार होती की अभिमान, ते मला लहानपणी कळलं नव्हतं.

पालघरच्या कॉलेजात तिने समाजशास्त्र घेतलं तेव्हा गावातल्या शिकल्या-सवरलेल्यांनी डोक्याला हात लावला. नर्सिंग कर, डी.एड. कर, यात नोकरी कसली? ती म्हणायची, मला जे विचारायचंय ते नर्सिंगमध्ये विचारता येत नाही. पुढे ती शहरात गेली आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून कुठल्या कुठल्या देशांतल्या भांडणांची पुस्तकं वाचू लागली. सरहद्दी, भाषा, वंश, कोण आतला, कोण बाहेरचा... सुट्टीला घरी आली की मला सांगायची, आणि सांगता सांगता मध्येच हसायची. “किसन, हे बघ. इतकं मोठं राष्ट्र, इतकी मोठी फौज, आणि भांडण कशाचं? आपल्या विहिरीवरच्या पाळीचं.” मला वाटायचं, हिला त्या पुस्तकांची चेष्टा करायची आहे. तसं नव्हतं. विहिरीवरचं भांडण त्या पुस्तकांइतकंच गंभीर आहे, असं तिचं म्हणणं होतं.

तिने प्रबंधासाठी विषय घेतला तो आपल्याच पायाखालचा. तारापूरच्या कारखान्यांभोवती राहणारी माणसं ‘तुम्ही कुठले?’ या प्रश्नाला काय उत्तर देतात? आणि तिची खोड अशी की एकाच माणसाला हा प्रश्न एकाच ठिकाणी विचारायचा नाही. घरी विचारायचा, कारखान्याच्या गेटवर विचारायचा, बाजारात विचारायचा, लग्नात विचारायचा. प्रश्न विचारून झाला की गप्प बसायचं. समोरचा कंटाळून दुसरं काही बोलेपर्यंत गप्प. आई तिला म्हणायची, “कालेजवाले तुला गप बसायचा पगार देतात काय गो?” पण त्या गप्प बसण्यातून काय काय निघायचं! सालवडच्या बाजूला राहणारा एक गोरखपूरचा माणूस, कापडाच्या कारखान्यात मशीनवर. चाळीत विचारलं तर म्हणायचा, ‘गोरखपूर के’. गावी जाताना रेल्वेत कुणी विचारलं तर ‘बोईसर वाले’. आणि गावी पोचला की गावातली पोरं त्याला ‘बंबई वाला’ म्हणायची. बाय ते सांगताना मला म्हणाली, “हा तर आपला आबा झाला.”

तोंडी परीक्षेला बाहेरून एक मोठे प्राध्यापक आले होते. चांगला माणूस, पण त्यांनी विचारलं, “तुम्ही स्वतः याच समाजातल्या, याच भागातल्या. मग अभ्यासात तटस्थता कशी राहणार?” बायने विचारलं, “सर, तुमचा प्रबंध कशावर होता?” ते म्हणाले, पेठांमधल्या मध्यमवर्गीय कुटुंबांवर. “आणि तुम्ही राहायला कुठे?” ते म्हणाले, पेठेतच. तिने पुढे एवढंच म्हटलं, “तुम्हाला हा प्रश्न कुणी विचारला होता का?” पदवी मिळाली. पुढे एका परिसंवादात सूत्रसंचालकांनी तिची ओळख ‘आदिवासी अभ्यासक’ अशी करून दिली, तेव्हा ती माइकपाशी जाऊन म्हणाली, “मी समाजशास्त्रज्ञ आहे. माझ्यानंतर बोलणार आहेत त्यांना शहरी अभ्यासक म्हणणार असाल, तर माझी हरकत नाही.” लोक हसले. ती हसली नाही. अशा वेळी ती कधीच हसायची नाही, म्हणून पुष्कळांना ती आवडायचीही नाही. मला आवडायची. मी मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होतो, आणि माझ्या शेजारचे लोक माझ्याकडे बघत होते. बघू देत.

बोईसरला तिला कॉलेजात नोकरी लागली. फ्लॅट घेता आला असता. तिने सालवडच्या पुढच्या एका पाड्यात खोली भाड्याने घेतली. पाडा आमच्याच जमातीचा, पण चारी बाजूंनी चाळी उठलेल्या, आणि चाळींत उत्तरेकडून आलेले कामगार. पाड्यातल्या लोकांनीच आपल्या अंगणात खोल्या काढून भाड्याने दिल्या होत्या. भाडं घेताना कुणाला कुणाचं गाव आडवं यायचं नाही, बाकी सगळीकडे यायचं.

तिथे तिला गावदेवाचा तांदूळ भेटला. आमच्याकडे पेरणीआधी गावदेवाची पूजा असते. त्या दिवशी देवाचं करणाऱ्या भगताची बायको टोपली घेऊन दारोदार फिरते आणि प्रत्येक चुलीचा ओंजळभर तांदूळ गोळा करते. घर मोजत नाहीत, माणसं मोजत नाहीत, चूल मोजतात. दोन भाऊ एका छपराखाली पण चुली वेगळ्या, तर ओंजळी दोन. सगळा तांदूळ देवाच्या झाडाखाली एका भांड्यात शिजतो, सगळे जेवतात. ज्याचा तांदूळ त्या भांड्यात, तो पाड्याचा. त्याला विहिरीवर पाळी, त्याला मेल्यावर मसणवटीत जागा. लहानपणापासून मी हे बघत आलो, पण मला त्यात अभ्यास करण्यासारखं काही दिसलं नव्हतं. बायला दिसलं. ती म्हणाली, आपल्या म्हाताऱ्यांनी ‘तू कुठला’ असं विचारलंच नाही रे. त्यांनी विचारलं, तुझी चूल कुठे पेटते?

पण पाड्यात तोवर हा रिवाज अडला होता. चाळींतल्या भाडेकऱ्यांच्या चुली शिवेच्या आत पेटत होत्या आणि त्यांचा तांदूळ कुणी घेत नव्हतं. आधी कुणाला सुचलं नव्हतं, मग पोरांनी ठरवूनच नाकारला. या पोरांचा पुढारी संदेश. आयटीआय केलेला, हुशार, आणि चिडलेला. चिडण्याचं कारण खरं होतं. जमिनी पाड्याच्या गेल्या आणि कारखान्यात माणसं ठेकेदाराच्या पसंतीची लागली. संदेशने गेटवर उन्हात उभं राहून दिवस काढले होते. त्याच्या पोरांनी जाहीर केलं, ‘ज्याचा जल्म या शिवेतला, त्याचाच तांदूळ.’

बायच्या शेजारच्या खोलीत फूलमती राहायची, तो गोरखपूरवाला मशीनवरचा कामगार सांगितला ना, त्याची बायको. तिची सासू म्हातारी, दम्याची. पाणी भरायला फूलमतीला विहिरीवर पाळी नाही, म्हणून टँकरची वाट बघायची. पण तिची काळजी पाण्याची नव्हती. ती बायला म्हणाली, “दीदी, अम्मा को कुछ हो गया तो कहाँ ले जाएँगे? हमारा चावल क्यों नहीं लेते? हमारे चावल में कंकड़ हैं क्या?” मी तेव्हा तिथेच चहा पीत बसलो होतो. बायने कप खाली ठेवला तो परत उचलला नाही.

संदेश दुसऱ्या दिवशी स्वतः आला. आदराने बोलला. “मॅडम, तुमी आपल्याच. तुमचा तांदूळ घेतो आमी. भय्यांचा नाय.”

“माझा का घ्यायचा?”

“तुमी आपल्या जातीच्या.”

“माझा जन्म इथला नाही. मासवणच्या वरचा.”

“तरी बी आपल्याच.”

“मग संदेश, नियम जन्माचा का जातीचा? एक काय ते ठरव. मी भाडेकरू आहे. चुलीवर घेत असशील तर माझाही घे, फूलमतीचाही घे. रक्तावर घेत असशील तर माझा नको.”

त्या वर्षी टोपली तिच्या दारात आली आणि तिने तांदूळ दिला नाही. आमच्यात ही लहान गोष्ट नाही. गावदेवाला तांदूळ नाकारणं म्हणजे आपलं नाव आपल्या हाताने काढून टाकणं. आई हे ऐकून रडली. मी जाऊन भांडलो. “बाय, पोरांचं काय चुकतंय? त्यांना नोकऱ्या नाहीत. आणि मसणातली जागा तू कुणासाठी सोडतेस?” ती म्हणाली, “नोकरीचं भांडण कारखान्याशी आहे. चल, गेटवर जाऊ. तांदळाशी काय भांडतो?” आणि ती खरंच गेली. संदेशच्या पोरांबरोबर कारखान्याच्या गेटवर जाऊन बसली, स्थानिक पोरांना कामावर घ्या म्हणून. सबंध दुपार. मला वाटतं ‘भूमिपुत्रांची वाघीण’ तिथूनच आली. पण घोषणेत ‘भय्या हटाओ’ आलं, तशी ती उठली, चप्पल घातली आणि म्हणाली, “हे माझ्या मागणीत नाही.” आणि घरी निघून गेली. म्हणजे पोरांना वाटे ती चाळवाल्यांची, चाळवाल्यांना वाटे ही गेटवर बसणाऱ्यांची. कॉलेजातले सहकारी म्हणायचे, मॅडम, एक बाजू घ्या, सोपं जाईल. ती म्हणायची, मी घेतलीच आहे.

असं बरीच वर्षं चाललं. दर पेरणीआधी टोपली तिच्या दारावरून तशीच पुढे जायची. भगताची बायको, लखमीआजी, दारात क्षणभर थांबायची, बाय नाही म्हणून मान हलवायची, आजी पुढे जायची. मला हे बघवायचं नाही. मी बायला म्हटलं, तू प्रबंध लिहिलास, पुस्तक लिहिलंस, आता हे कशाला? ती म्हणाली, “पुस्तकात ‘चूल’ लिहिलंय मी. मग इथे काय, जात दाखवू?”

मागच्या वर्षी पूजेआधी झाडाखाली बैठक बसली. रविवारची दुपार, पुरुष पुढे, बाया मागे. मीही गेलो होतो. संदेशने परत तेच सांगितलं, ज्याचा जल्म या शिवेतला त्याचाच तांदूळ, आणि आता हे कायमचं ठरवून टाकू. भगत होकाराची मान डोलावत होते. तेव्हा बाय मागच्या बाजूने उठली. तिने भाषण केलं नाही. ती बायांकडे वळली आणि म्हणाली, “बायांनो, तांदूळ तुमीच देता ना? या शिवेत जल्मलेल्या किती, हात वर करा.”

आणि नेहमीसारखी गप्प बसली.

हात वर झाला तो फक्त संदेशच्या धाकट्या बहिणीचा. कॉलेजात जाणारी पोर. मागून कुणीतरी म्हणालं, “ती बी लगीन करून जाल आता.” पोरीने हात खाली घेतला. बायाच बाया बसल्या होत्या, साठ पावसाळे चूल पेटवलेल्या, आणि एकीचा हात वर नव्हता. वर कसा असणार? आमच्यात गावातल्या गावात लगीन होत नाही. प्रत्येक सून बाहेरची. आणि देवाला तांदूळ देते ती सूनच. पोरांनी इतकी घोषणा केली, इतका जोर लावला, आणि हे एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. खरं सांगतो, माझ्याही नाही.

आधी हसू फुटलं ते बायांमधून. मग लखमीआजी उठली. “ए संदेस, मला तुज्या आज्याच्या भावानं वाजत-गाजत मनोरच्या पल्याडशी आणली. मी बी बाहेरचीच. म्हंजे इतकी वरसं बाहेरच्यांचाच तांदूळ खातो हाय तुजा देव. उपाशी र्‍हायला काय रं तो?”

“ती गोष्ट येगली, आजी.”

“कशी येगली? मी पायानं आले, ती रेलगाडीनं आली. चूल पेटवायला दोघींना वाकावाच लागतो.”

“त्यांच्याकडं चूल नाय, गॅस हाय,” एक पोरगा मध्येच बोलला.

“तुज्या आईसकडं काय हाय मंग? इस्तव तो इस्तव!”

आता पुरुषसुद्धा हसत होते. संदेशचा चेहरा उतरला होता. मला त्याची कीव आली, कारण त्याचं नोकरीचं दुखणं तिथेच होतं, त्यावर कुणी हसून उपाय होणार नव्हता. बायने तेही बघितलं. ती त्याच्याजवळ जाऊन म्हणाली, “गेटवर परत जाऊ. मी येते.” शेवटी भगत खाकरले आणि म्हणाले, “पुढल्या साली बगू.” आमच्याकडे ‘पुढल्या साली बगू’ म्हणजे हरलो, पण आजच्या आज म्हणवत नाही. त्या वर्षीही टोपलीत नव्या कुणाचा तांदूळ पडला नाही. बायचाही नाही.

पुढचं साल यायच्या आत तिची मूत्रपिंडं गेली. पालघरला एक दिवसाआड सुई, नळ्या, मशीन. मशीनला जोडलेली असतानाच ती परीक्षेचे पेपर तपासायची. नर्सने विचारलं, “मॅडम, गाव कुठलं तुमचं?” तर बाय म्हणाली, “आज कोण विचारतंय त्यावर आहे,” आणि मग त्या पोरीलाच तिचं गाव विचारत बसली. शेवटच्या भेटीत मी तिला म्हटलं, बाय, आता तरी तांदळाचं सोड. देऊन टाक एक ओंजळ, आईला बरं वाटेल. तिने डोळे मिटलेले होते. मला वाटलं झोपली... मग म्हणाली, “घेतील ते. लखमीआजी बोललीय म्हणजे घेतील.” मी म्हटलं, तुला कसं माहीत? “मी इतकी वर्षं काय केलं मग?” ती माझ्यावर चिडली होती. शेवटचं बोलणं आमचं असं, चिडूनच. मला त्याचं वाईट वाटत नाही. ती चिडलेलीच बरी दिसायची.

तिला आम्ही मासवणच्या वर, आमच्या पाड्यावर नेलं. आईची चूल तिथे पेटते, म्हणून जागेचा प्रश्न आला नाही. चाळीतून फूलमती आणि तिचा नवरा आले, पाड्यातून लखमीआजी आली, आणि संदेश आला. तो खांद्याला होता. फ्लेक्स कुणी लावले ते मला ठाऊक नाही, संदेशने नाही लावले एवढं सांगतो.

तिची खोली रिकामी करायला मी गेलो तो दिवस पाड्यात गावदेवाचा निघाला. पुस्तकं बांधत होतो तेव्हा बाहेर आवाज आला. लखमीआजी टोपली घेऊन फिरत होती, मागून संदेश आणि दोन पोरं. मी दारात उभा राहिलो. टोपली पाड्यातली घरं करत चाळीपाशी आली. मला वाटलं, वळेल. वळली नाही. फूलमतीच्या उंबऱ्यापाशी आजीने टोपली पुढे केली. “टाक गो,” म्हणाली. फूलमती आतून तांदूळ घेऊन आली, दोन दाणे बाहेर सांडले ते तिने वाकून उचलले आणि टोपलीत टाकले. सासू आत खाटेवर उठून बसली होती. पुढची खोली, त्याच्या पुढची खोली... प्रत्येक दारात तेच, “टाक गो.”

मग आजी बायच्या दारात आली. मी आत जाऊन तिच्या डब्यातला तांदूळ ओंजळीत भरून आणला होता. म्हटलं, “आजी, बायच्या नावानं.”

आजीने माझ्या खांद्यावरून आत बघितलं. बांधलेली पुस्तकं, उघडं कपाट. “हितं चूल पेटते का?”

“नाय आता.”

“मंग नाय घेत.”

संदेशच पुढे झाला. “आजी, घे ना गो. मॅडमचा हाय.”

“मॅडमचा म्हनून घेऊ? मॅडमनंच सांगितला ना, चूल बगायची?” आजीने टोपली डोक्यावर घेतली. जाताना माझ्या गालावरून हात फिरवला, आणि पुढच्या दाराला गेली.

मी तिथेच उभा राहिलो, ओंजळ भरलेली. मग तांदूळ घरी आणला, शिजवला आणि खाल्ला.

पाड्यात आता नियम असा आहे. शिवेच्या आत जिची चूल पेटते तिचा तांदूळ गावदेवाच्या भांड्यात जातो, जन्म कुठला ते विचारत नाहीत. फूलमतीच्या सासूला मसणवटीत जागा आहे, पण म्हातारी अजून दमा सांभाळून आहे. सकाळी फूलमती विहिरीवर जाते आणि पाळीवरून पाड्यातल्या बायांशी भांडते. भांडण रोजचं आहे. पाळी तिची आहे, याबद्दल कुणाचं भांडण नाही.